मी कोण? मराठी ख्रिस्ती मनाचा एक मागोवा

धर्म मनुष्याला देवाविषयी काही सांगतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तो मनुष्याला त्याच्या स्वतःविषयीही काही सांगतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आपण कोण आहोत, आपली किंमत काय, आपल्या हातून घडलेल्या पापाचा भार कोणी वाहावयाचा, उच्च कोण आणि नीच कोण, या प्रश्नांची उत्तरे आपणच विचारपूर्वक ठरविली, असे प्रत्येकाला वाटते. वास्तविक त्यांतील पुष्कळशी उत्तरे त्याला पाळण्यातच मिळालेली असतात. नाव, कूळ, गाव, जात आणि देव्हाऱ्यातले देव यांच्याबरोबर ‘मी’ची एक तयार आकृतीही त्याच्या वाट्याला येते. म्हणून एखाद्या समाजाने धर्म बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे पाहावयाचे झाल्यास उपासनेची रीत किंवा सणांची यादी पाहून भागत नाही. त्या माणसांचे स्वतःविषयीचे मत बदलले काय, आणि बदलले असल्यास कोणत्या दिशेने, हे पाहावे लागते. मराठी भाषेच्या छायेत वाढलेल्या ख्रिस्ती समाजाचा चार शतकांचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

ख्रिस्ती धर्म मनुष्याविषयी दोन विधाने करतो. पहिले विधान पवित्र शास्त्राच्या अगदी आरंभीच्या अध्यायात येते. मनुष्य, मग तो पुरुष असो वा स्त्री, देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे. हे विधान कोणत्याही एका वंशाविषयी नाही. राष्ट्रे आणि कुळे निर्माण होण्यापूर्वीच्या मनुष्याविषयी आहे. दुसरे विधान असे की, हा मनुष्य पतित आहे. आपल्या बळावर तो निर्दोष होऊ शकत नाही. क्षमा त्याला मिळवावी लागत नाही, ती स्वीकारावी लागते. पहिले विधान माणसाची मान उंच करते, दुसरे ती नम्र करते. केवळ पहिलेच धरून बसणारा गर्विष्ठ होतो, आणि केवळ दुसरेच ऐकणारा खचून जातो. ही दोन विधाने एकत्र नांदली, की एकमेकांपासून तुटली, यावरच ख्रिस्ती माणसाची स्वतःविषयीची कल्पना ठरत आली आहे.

या कल्पनेला वाङ्मयात पहिला मोठा आकार दिला तो उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन यांनी. आजच्या अल्जीरिया देशातील तागास्ते या गावी ३५४ मध्ये त्यांचा जन्म झाला. वक्तृत्वशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली, पुष्कळ पंथ धुंडाळले, आणि ३८७ मध्ये मिलान येथे बिशप अँब्रोझ यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पुढे हिप्पो नगराचे बिशप असताना, ३९७ च्या सुमारास, त्यांनी ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. या ग्रंथाचा विशेष असा की, तो सबंध देवाला उद्देशून लिहिला आहे. त्यात राजांच्या लढाया नाहीत, कुळाचा अभिमान नाही. सोळाव्या वर्षी मित्रांच्या संगतीने केलेल्या नासपतींच्या चोरीचा विचार मात्र पानेच्या पाने चालतो. भूक नव्हती, फळेही काही गोड नव्हती. मग हात का गेला? एवढ्याशा कृत्यातून ऑगस्टीन स्वतःच्या अंतःकरणाचा तळ शोधू लागतात. माणसाचे अंतरंग हे शोधण्याजोगे स्थान आहे, आणि तेथे देवाची गाठ पडू शकते, हा विचार पुढे पाश्चात्य आत्मचरित्राचा पाया झाला.

विद्वानाने लेखणीने जे केले, ते सामान्य माणसाने गुडघे टेकून करावे, अशी व्यवस्था पुढे झाली. १२१५ मध्ये रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे, असा नियम घातला. गोव्यात ज्याला ‘कुमसार’ म्हणतात तो हाच संस्कार. त्या काळच्या शेतकऱ्याला, मोलकरणीला, शिपायाला वर्षातून एकदा तरी असे विचारले जाऊ लागले की, तुझ्या हातून काय घडले, आणि ते कोणत्या हेतूने घडले? बापाचे पुण्य तेथे उपयोगी पडत नसे, मालकाचे पापही तेथे सांगता येत नसे. स्वतःविषयी प्रथमपुरुषी एकवचनात बोलण्याची सवय लाखो निरक्षर माणसांना अशा रीतीने लागली. या सवयीचे काही दुष्परिणामही झाले. अनेक हळव्या मनांना स्वतःच्या दोषांशिवाय काही दिसेनासे झाले. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीतील एरफुर्टच्या मठात मार्टिन ल्यूथर हा तरुण याच वेदनेने तळमळत होता, आणि युरोपातील धर्मक्रांतीचा एक उगम त्या तळमळीत आहे.

त्याच शतकात पहिल्या विधानाचीही कसोटी लागली. स्पेन आणि पोर्तुगाल यांची गलबते नव्या भूमींना लागली, तेव्हा तेथील रहिवासी पूर्णार्थाने माणसेच आहेत काय, असा प्रश्न विजेत्यांनी उपस्थित केला. कारण त्यांना गुलाम करावयाचे होते. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी एका आज्ञापत्राने उत्तर दिले की, हे लोक खरीखुरी माणसे आहेत, आणि ख्रिस्ती श्रद्धेबाहेर असले तरी त्यांचे स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांना असे बजावून सांगण्याची वेळ यावी, यातच श्रद्धा आणि आचरण यांमधील अंतर दिसून येते. हेच अंतर घेऊन पोर्तुगीज सत्ता गोव्यात वावरत होती.

१५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. साष्टीतील देवळे पाडली गेली, गावकऱ्यांची मने बिथरली, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट धर्मगुरूंची हत्या व त्यापाठोपाठ गावच्या प्रमुखांची कत्तल असे भीषण प्रकरण घडले. या वातावरणात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट साष्टीत काम करीत होता. १५७९ मध्ये तो गोव्यास आला आणि पुढील चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ मध्ये निवर्तला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण त्याच्या ध्यानी आली. त्यांची पुराणे सुटली होती, आणि त्यांच्या जागी वाचावयास, गावयास, ऐकावयास काहीच मिळाले नव्हते. ज्याला स्वतःची कथा नाही त्याला स्वतःविषयी काही मानणे कठीण जाते. स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

या ग्रंथाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात श्रोते शंका विचारतात आणि गुरू उत्तरे देतो. भाषा ओवीची, शब्द वैकुंठाचे आणि मोक्षाचे, आणि कथा बेथलेहेमच्या बालकाची. रत्नांमध्ये हिरा तशी भाषांमध्ये मराठी, असा गौरवही स्टीफन्सने त्यात केला आहे. तुमच्या ओवीत देवाची कथा मावते, असे हे पुराण साष्टीच्या माणसाला सांगत होते. भाषा ही ‘मी’ची पहिली खूण आहे, हे या परदेशी माणसाने ओळखले होते.

राज्यकर्त्यांनी मात्र ते ओळखले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, होते. त्याने १७३६ मध्ये एक जाहीरनामा काढून अंगणातील तुळस, विवाहप्रसंगीच्या ओव्या आणि इतर अनेक घरगुती चालीरीती ख्रिस्ती लोकांना मना केल्या. अंतःकरण बदलण्याचे काम अंगण तपासून करता येते, अशी ही समजूत होती. जेथे भय राज्य करते तेथे पापनिवेदनही साक्षीदाराच्या जबानीसारखे होते, आणि स्वतःकडे पाहण्याची सवय जाऊन शेजाऱ्याकडे पाहण्याची लागते. हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. पण सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ पडलेली त्याची छाया गोव्याच्या मनावरून सहजासहजी गेली नाही.

जातीच्या बाबतीत तर श्रद्धेने दिलेले उत्तर आणि समाजाने जपलेले उत्तर यांची सरळ टक्कर होती. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चाड्डी, सुदीर असे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले. चर्चशी संलग्न असलेल्या कोनफ्रारिया, म्हणजे भक्तमंडळे, पुष्कळ ठिकाणी जातीवार होती, आणि उत्सवातले मान कोणाचे, यावर तंटे होत. त्यांच्या वर गोऱ्यांचा अहंकार होता. दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांना धर्मगुरू व्हावयाचे होते. गोव्यात ती वाट मोकळी नसल्याने १६२५ मध्ये ते रोमला गेले, तेथे शिकले, आणि १६३७ मध्ये त्यांना बिशपपद मिळून विजापूरच्या राज्यातील धर्मकार्य त्यांच्याकडे सोपविले गेले. रोमने ज्याला बिशप मानले त्याला गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी मानले नाही. देवासमोर आपण यांच्या बरोबरीचे आहोत, हा मातेउस यांचा विश्वास त्यांच्या ख्रिस्ती शिक्षणातूनच आलेला होता, आणि त्याच बळावर ते आयुष्यभर झगडले. परंतु १६५३ मध्ये त्यांनी जे पत्रक लिहिले त्याचे नाव होते ‘ब्राह्मणांचा आरसा’. गोऱ्यांशी बरोबरी मागणारा हा पुरुष आपल्या गावच्या सुदिराला त्या आरशात जागा देण्यास विसरला. वरच्या पायरीकडे पाहून समता मागणे आणि खालच्या पायरीकडे पाहून ती देणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

गोव्याबाहेरच्या महाराष्ट्रात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात नव्या रूपाने उभा राहिला. येथे राजसत्तेची बळजबरी नव्हती. प्रश्न व्यक्तीच्या निवडीचा होता. १८३१ मध्ये बेळगाव येथे कासार कुटुंबात जन्मलेले बाबा पदमनजी यांचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. बेळगावच्या व पुढे मुंबईच्या मिशनशाळांत ते शिकले. त्या काळी मुंबईत परमहंस सभा नावाची मंडळी होती. जातिभेद मोडावा, असे तिचे मत. परंतु सभा गुप्त. दारे लावून सर्वांनी एकत्र पाव खावा आणि बाहेर येऊन आपापल्या पंक्तीला बसावे, असा तिचा क्रम होता. पदमनजी या मंडळींत वावरले होते. त्यांच्या मनाला हे दुहेरी आयुष्य मानवले नाही. अंतःकरणात एक आणि ओटीवर दुसरे, असे राहता येत नाही, या निश्चयाने त्यांनी १८५४ मध्ये आपल्या जन्मगावी, बेळगावातच, उघडपणे बाप्तिस्मा घेतला. परमहंस सभा पुढे तिची सभासदांची यादी बाहेर फुटल्यामुळे १८६० मध्ये मोडली.

पदमनजींच्या या निश्चयात ऑगस्टीनची परंपरा स्पष्ट दिसते. कबुली ही सर्वांसमक्ष द्यावयाची असते, आणि ती दिल्याखेरीज माणूस स्वतःशी एकरूप होत नाही, ही ती परंपरा. किंमतही तशीच द्यावी लागली. धर्मांतर केल्याने वारसाहक्क जात नाही, असा कायदा १८५० मध्येच झाला होता. परंतु आईच्या हातची पंक्ती परत मिळवून देणारा कायदा कोणत्याही सरकारला करता आला नाही. पदमनजींनी पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले, आणि मराठीतील या प्रकारच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्याआधी, १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते ओळखले जाते, आणि त्याचा विषय आहे विधवांची दुःस्थिती. स्वतःच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या लेखणीला दुसऱ्याच्या घरातील कोंडलेला हुंदका ऐकू यावा, हे श्रद्धेचे फळ मानावयास हरकत नाही.

पंडिता रमाबाईंची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या या मुलीला वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकापवाद सोसून संस्कृत शिकू दिले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर देशभर पायी हिंडत ती कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, विवाह झाला, आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पदरी लहान मुलगी. जिच्या विद्वत्तेचा सभांतून गौरव होत होता, तिने धर्मग्रंथ वाचले तेव्हा तिला आढळले की, इतर असंख्य बाबतींत भिन्न मते देणारी शास्त्रे स्त्रीच्या हीनत्वाविषयी मात्र बहुशः एकमत आहेत. गौरव होत होता तो तिच्या पाठांतराचा. तिच्या स्त्रीपणाविषयी ग्रंथांचे मत काय, हा काटा आत राहिलाच.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनी लंडनमधील फुलम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाई विस्मित झाल्या. ज्यांचे नाव घेण्यास सज्जन कचरतात त्यांची सेवा या भगिनी का करतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची येशूशी झालेली भेट वाचून दाखविण्यात आली. परजातीची, पाच लग्ने झालेली, लोकांची नजर चुकवून पाण्याला आलेली ती बाई. आणि तिच्याशी धर्माच्या गहन विषयावर बोलणारा गुरू. रमाबाईंनी त्याच वर्षी, सप्टेंबरात, बाप्तिस्मा घेतला. स्त्रीविषयी जे शास्त्रांत सापडले नव्हते, ते त्यांना या कथेत सापडले.

परंतु येथे एक नवा संघर्ष सुरू झाला. मठातील भगिनींना वाटे की, नव्या ख्रिस्ती बाईने नम्रपणे शिकवण ग्रहण करावी. रमाबाई प्रत्येक सिद्धान्ताला कारण विचारीत. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर दूर हिंदुस्थानातील बिशपांची मते मागविण्यात आली, तेव्हा आपण स्वतःचे बरेवाईट जाणतो, असे त्यांनी ठामपणे कळविले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. त्यांच्या जागी संस्कृत का असू नयेत, असाही त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. ‘तू देवाच्या प्रतिरूपाची आहेस’ हे वाक्य त्यांनी ज्यांच्याकडून ऐकले, त्यांच्यावरच ते लागू करून दाखविले. इकडे पुण्यात त्यांच्या धर्मांतराने खळबळ उडाली असता जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून १८८५ मध्ये त्यांची बाजू घेतली, हीही त्या काळाची एक महत्त्वाची नोंद आहे.

रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत सांगितलेला एक टप्पा फार मोलाचा आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आतापर्यंत त्यांनी पहिले विधान, मनुष्याच्या मोलाचे, बुद्धीने स्वीकारले होते. दुसरे विधान, क्षमेची गरज सांगणारे, ते आता अंतःकरणात उतरले. विदुषी म्हणून, कर्ती म्हणून, सुधारक म्हणून आपण देवाला प्रिय नसून, काहीही हातात नसतानाही प्रिय आहोत, ही जाणीव त्यांना झाली. तिचा परिणाम कामावर दिसला. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले व पुढे पुण्यास आलेले शारदा सदन १८९३ च्या वादात मोडकळीस आले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. आधी उच्चवर्णीय विधवांसाठी आखलेले काम आता कोणत्याही जातीच्या, आंधळ्या, टाकलेल्या, उपाशी मुलीसाठी खुले झाले. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनात सुमारे दोन हजार जणी होत्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबल केडगावच्याच छापखान्यात स्त्रियांनी जुळविले व छापले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

रमाबाईंनी पाश्चात्य गुरूंना विचारलेला प्रश्न नारायण वामन टिळकांनी मराठी समाजात राहून सोडविला. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले हे कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांना दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट ऐकावी लागे. जुने आप्त म्हणत, हा आता आपला राहिला नाही. आणि काही मिशनरी समजत, हा आता आमच्यासारखा व्हावयास हवा. टिळकांनी दोघांनाही नकार दिला. त्यांनी भजने रचली, ख्रिस्ती कीर्तने केली, आणि मराठी संतपरंपरा हीच आपल्याला ख्रिस्ताकडे आणणारी वाट ठरली, असे मानले. मराठी चर्चमध्ये आज गायिल्या जाणाऱ्या गीतांचा फार मोठा भाग त्यांचाच आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र हा प्रवास पतीमागे डोळे मिटून केला नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे सुटले नव्हते. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजल्या, आणि उत्तर मिळाले त्या दिवशी त्यांच्या मनातला विटाळ गेला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने स्वतःच्या भित्रेपणावर, सोवळ्यावर, रागावर इतक्या निर्मळपणे हसून लिहिले आहे की, पापनिवेदनाची सारी परंपरा तेथे प्रसन्न झालेली दिसते. ज्याला आपले मोल ठाऊक आहे, तोच स्वतःला हसू शकतो.

ही सर्व नावे शिकलेल्या, लिहित्या माणसांची झाली. अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, आणि तेथे ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्या बाबतीत ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर पाटीवर उमटलेल्या अक्षरांत, भाकरीच्या एका पंक्तीत, आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांबरोबर बसण्यात होते. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याला कोणी आत बोलावले, ही घटना लहान नव्हे. तरीही दोन जातींतून आलेले ख्रिस्ती लोक पुष्कळ ठिकाणी एकमेकांपासून अंतर राखून राहिले, आणि सोयरीक जुळविताना जुनी जात विचारली जात राहिली. राज्याच्या कायद्यानेही एक पेच घातला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती मर्यादित झाली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. ख्रिस्ती बाहेर राहिले. कायदा त्याला सांगतो की, तुला जात नाही. गाव सांगते की, आहे. आणि कधी कधी देवळाच्या बाकावर बसलेला त्याचा धर्मबंधूही तेच सांगतो.

म्हणून श्रद्धा माणसाची स्वतःविषयीची कल्पना घडविते, हे खरे असले तरी ती एकदम आणि एकटीने घडवीत नाही. तिला भाषेची साथ लागते, हे स्टीफन्सने जाणले. तिला भयापासून मुक्त अंगण लागते, हे गोव्याच्या इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन शिकविले. तिला उघड कबुली लागते, हे पदमनजींनी, आणि गुरूलाही प्रश्न विचारण्याची मोकळीक लागते, हे रमाबाईंनी दाखवून दिले. याहून महत्त्वाची गोष्ट मातेउस द कास्त्रो यांच्या आरशातून उरते. मी देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असे जो म्हणतो त्याला पुढचे वाक्य टाळता येत नाही, की माझ्या घरची भांडी घासणारी, माझे शेत नांगरणारा, माझ्या मुलीला मागणी घालण्यास कचरणारा तरुण, हेही त्याच प्रतिरूपाचे आहेत. स्वतःविषयीचे मत शेजाऱ्यापर्यंत पोहोचले म्हणजेच ते खरे ठरते. मराठी ख्रिस्ती समाजाने या पाठाची पहिली ओळ चार शतकांत चांगली गिरविली आहे. दुसरी ओळ ठिकठिकाणी अर्धी लिहिलेली दिसते, आणि ती पुरी करण्याचे काम घराघरांत, सोयरिकीच्या बैठकींत आणि देवळाच्या बाकांवर आजही शिल्लक आहे.